सेनासाहेबसुभा कोणत्या पायरीवर?

दिवाळीच्या सुटीत आमचा पुतण्या पुण्याहून नागपूरला आला, तो नेहमीप्रमाणे लॅपटॉप घेऊनच. फराळाची बशी बाजूला सारून तो पडद्यावरच्या एका रंगीबेरंगी नकाशात डोके घालून बसला होता. आम्ही वर्तमानपत्र घेऊन त्याच्या मागून चाललो होतो, तेव्हा मान न वळवताच त्याने विचारले, "काका, आपल्या नागपूरचे भोसले किंग होते की ड्यूक?"

मध्ययुगीन मराठी वाङ्मय शिकवण्यात आमचे उभे आयुष्य गेले. विद्यार्थ्यांनी नाना प्रश्न विचारले. हा प्रश्न मात्र कोणी विचारला नव्हता. "दोन्ही नव्हते," असे म्हणून आम्ही पुढे निघालो.

"मग कोण होते?"

"सेनासाहेबसुभा."

"ते कुठे येतं? काउंटच्या वर की खाली?"

येथे आम्हाला थांबावे लागले. वर्तमानपत्राची घडी केली आणि खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसलो. तो दिवस आणि पुढचे चार दिवस आम्ही त्या खुर्चीतून फारसे उठलो नाही, ही गोष्ट घरात अद्याप आमच्याविरुद्ध सांगितली जाते.

खेळाचे नाव 'क्रूसेडर किंग्ज'. तो स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स या कंपनीचा. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीला २०१४ साली 'राजाज ऑफ इंडिया' हा विस्तार जोडला गेला आणि हिंदुस्थान नकाशावर आला; तिसरी आवृत्ती २०२० ची. खेळाडूने एक राजघराणे निवडायचे आणि पिढ्यान्पिढ्या ते टिकवायचे. लग्ने, वारसा, भाऊबंदकी, विषप्रयोग, सगळे त्यात आहे. पण खेळाचा कणा म्हणजे पदव्यांची उतरंड. तळाशी बॅरन, त्यावर काउंट, त्यावर ड्यूक, त्यावर किंग, माथ्यावर एम्परर. पृथ्वीच्या पाठीवरचा प्रत्येक सत्ताधीश या पाच पायऱ्यांपैकी एकीवर उभा असलाच पाहिजे. हिंदुस्थानात पायऱ्या त्याच, पाट्या बदलल्या: किंगच्या जागी महाराजा, ड्यूकच्या जागी राजा. नकाशावर महाराष्ट्र हे एक 'किंगडम' आहे, गोंडवन हे दुसरे, आणि आमचा विदर्भ एक 'डची'.

खेळ संपतो १४५३ साली, म्हणजे कॉन्स्टँटिनोपल पडले त्या वर्षी. युरोपचे मध्ययुग तेथे संपत असेल. आमचे मराठी मध्ययुग अभ्यासक्रमात १८१८ पर्यंत खुशाल चालत राहते. त्यामुळे पुतण्याने आणि त्याच्या दोन मित्रांनी स्वतःच एक 'मॉड' करायला घेतला होता. मॉड म्हणजे खेळाच्या फायलींत आपल्या हाताने केलेला फेरफार. काळ अठराव्या शतकाचा, स्थळ नागपूर. त्यासाठी त्याला एक साधी मजकुराची फाईल भरायची होती: डावीकडे खेळातली पायरी, उजवीकडे आपल्याकडचा शब्द. चार-पाच ओळींचे काम. काकांना विचारले की दहा मिनिटांत होईल, असा त्याचा अंदाज होता.

आमची पहिली प्रतिक्रिया अर्थातच लाल पेन्सिलीची होती. 'महाराजा' हे 'राजा'च्या वरचे पद असते हे या लोकांना सांगितले कोणी? येथून पन्नास किलोमीटरच्या आत, रामटेकजवळच्या नगरधनला, वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन होती. वासुदेव विष्णु मिराशींनी वाकाटकांचे सारे लेख एकत्र केले, ते १९६३ साली ग्रंथरूपाने आले. ते लेख चाळले तर दिसते की या घराण्यात 'सम्राट' ही पदवी एकट्या पहिल्या प्रवरसेनाला आहे, आणि ती त्याच्या चार अश्वमेधांच्या उल्लेखासोबत येते. बाकी सगळे नुसते 'महाराज'. त्याच काळात गुप्तांच्या राज्यात मांडलिकालाही 'महाराज' म्हणत आणि धनी 'महाराजाधिराज' असे. म्हणजे शब्द एक. एका घरात तो स्वतंत्र राजाचा, दुसऱ्या घरात ताबेदाराचा. गंमत अशी की प्रभावतीगुप्ता ही गुप्तांची लेक वाकाटकांची सून झाली, आणि तिच्या ताम्रपटात वडील महाराजाधिराज व पती महाराज असे एकाच मजकुरात नांदतात. स्वतःची ओळख ती युवराजाची आई म्हणून देते. राज्य तीच चालवीत होती. तिला कोणत्या पायरीवर बसवायचे?

"काका, हे अँशंट झालं," पुतण्या म्हणाला. "मिडिव्हल सांगा."

मिडिव्हल सांगायचे तर देवगिरीचा रामचंद्रदेव यादव. आमच्या वाचकांना तो परिचित आहे, कारण ज्ञानेश्वरीच्या अखेरीस त्याचे नाव येते. लीळाचरित्रातही यादव राजे येतात, पण तेथे त्यांच्या नावाला पदव्यांची झूल नाही. गावातले माणूस बोलताबोलता राजाचे नाव घेते, तितक्या साधेपणाने ती नावे येतात. तोच रामचंद्र कोरीव लेखांत 'प्रौढप्रतापचक्रवर्ती' होतो. त्याच्या काळातला एक संस्कृत शिलालेख रामटेकला लक्ष्मणाच्या देवळात आहे, म्हणजे आमचा हा मुलूखही त्याच्या सत्तेत होता. आणि १२९६ साली अलाउद्दीन देवगिरीवर चालून आला, पुढे मलिक काफूर रामचंद्राला दिल्लीला घेऊन गेला, तेव्हा सुलतानाने त्याचा सन्मान करून त्याला पदवी दिली 'राय-इ-रायान'. चक्रवर्ती हा एका दरबारात पराभूत मांडलिक होतो आणि तेथे त्याला मिळालेले नाव म्हणजे 'रायांचा राय'. भाषांतर केले तर महाराजाधिराजच की! पदवी वाढली आणि माणूस लहान झाला. खेळातल्या पायऱ्यांवर माणूस पदवीबरोबर वर चढतो आणि पदवीबरोबर खाली उतरतो. आमच्याकडे पदवी आणि माणूस असे हातात हात घालून फार क्वचित चालले.

यादवांची आणखी एक पदवी 'द्वारावतीपुरवराधीश्वर', द्वारका या श्रेष्ठ नगरीचा स्वामी. द्वारका त्यांच्या ताब्यात नव्हती. शिलाहार कोकणात आणि कोल्हापुरात राज्य करीत आणि स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवीत. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले तेर. आम्ही हे सांगताच पुतण्याचे डोळे चमकले. खेळात याला शब्द आहे: 'क्लेम'. ज्या मुलखावर तुमचा क्लेम, त्यासाठी तुम्हाला युद्ध पुकारता येते. पण कोल्हापूरचा महामंडलेश्वर तेर परत मिळवावे म्हणून घोड्यावर बसत नव्हता. माहेरचे गाव जसे कुलदैवताच्या नावात राहते, तसे ते पदवीत राहिले होते. ती आठवण होती. आठवणीसाठी खेळात कोठे जागा आहे काय, असे आम्ही विचारले. पुतण्याने जरा शोधून पाहिले व नाही म्हणाला.

तसेच 'समधिगतपंचमहाशब्द'. सामंतांच्या बिरुदांत हा लांबलचक शब्द पुनःपुन्हा येतो. धन्याने ज्याला शिंग, शंख, भेरी, जयघंटा अशी पाच मंगलवाद्ये वाजविण्याचा मान दिला, तो. म्हणजे हा सामंत केवढा, हे त्याच्या जमिनीपेक्षा त्याच्या दारात काय वाजते यावरून कळे. नकाशावर रंग दिसतो, आवाज ऐकू येत नाही.

एवढे झाल्यावर आमची लाल पेन्सिल फार तेजीत होती. २०२२ साली 'एज ऑफ एम्पायर्स' या दुसऱ्या एका खेळाने हिंदुस्थानचे चार तुकडे केले: हिंदुस्तानी, बंगाली, गुर्जर आणि द्राविड, मग दख्खन कोठे गेली, असेही आम्ही त्वेषाने विचारून घेतले. पुतण्या शांतपणे म्हणाला, "काका, तुमच्या सोर्सेसमध्ये तरी सगळं खरं असतं का?"

हा प्रश्न दहावीच्या पोराने विचारावा आणि आम्हाला अजबबंगला आठवावा, हे एकदमच घडले. (नागपूरकर मध्यवर्ती वस्तुसंग्रहालयाला अजबबंगला म्हणतात. ते १८६३ पासून आहे, आणि लहानपणी आम्ही तेथे पेंढा भरलेले वाघ पाहायला जात असू.) तेथे माळव्याच्या परमारांचा एक मोठा शिलालेख आहे, विक्रम संवत ११६१ चा, म्हणजे इ.स. ११०४-०५ चा. अभ्यासक त्याला नागपूर प्रशस्ती म्हणतात. त्यात लक्ष्मदेव परमाराने चारी दिशा जिंकल्याचे वर्णन आहे. पूर्व झाली, दक्षिण झाली, पश्चिम झाली, उत्तर झाली. वाचणाऱ्याला दोन-चार श्लोकांतच शंका येते की आपण हे कोठे तरी वाचले आहे, आणि ती शंका रास्त असते: रघुवंशातल्या रघूच्या दिग्विजयाचा साचा कवीने उचलला आहे. राजा चहूदिशांना गेला नसेल. कवी मात्र जाऊन आला. शिलालेख म्हणजे अस्सल साधन, असे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. त्या साधनातही कोणी तरी नकाशा रंगवीत बसले होते.

आणि पाट्या बदलण्याचे काम तरी स्टॉकहोमलाच प्रथम झाले, असे थोडेच आहे? शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकानंतर रघुनाथपंडितांचा 'राज्यव्यवहारकोश' सिद्ध झाला. डावीकडे फारसी, उजवीकडे संस्कृत. पेशवा तो मुख्य प्रधान, मुजुमदार तो अमात्य, सुरनीस तो सचिव, वाकेनवीस तो मंत्री, डबीर तो सुमंत, सरनोबत तो सेनापती. पुतण्याच्या फाईलसारखीच ही फाईल. फरक असा की ती फाईल ज्याने मागविली, त्याला शब्द बदलल्याने राज्य बदलते हे नेमके ठाऊक होते.

पण पुढे काय झाले पाहा. कोश होऊन पुरती तीस-पस्तीस वर्षे झाली नाहीत, तोच १७०७ साली शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले, परसोजी भोसले त्यांना येऊन मिळाले, आणि महाराजांनी त्यांना पदवी दिली 'सेनासाहेबसुभा'. सेना संस्कृत, साहेब अरबी, सुभा मोगलांच्या दप्तरातला. कोशकाराने मोठ्या कष्टाने वेगळे केलेले दोन प्रवाह छत्रपतींच्याच सनदेत पुन्हा एका शब्दात मिसळले. आम्हाला हा शब्द फार आवडतो. अठराव्या शतकातले सगळे मराठी राज्य त्या सात अक्षरांत आहे: फौज आहे, अदब आहे, प्रांत आहे, आणि 'राजा' हा शब्द तेवढा नाही. रघूजी भोसल्यांनी कटकपर्यंत मजल मारली. १७५१ च्या तहात बंगालच्या अलीवर्दीखानाने सालीना बारा लाख रुपये चौथाई कबूल केली. तरी दप्तरात ते सेनासाहेबसुभाच. १७५५ मध्ये ते वारले. मग थोरल्या जानोजींकडे सेनासाहेबसुभा हे पद गेले आणि मुधोजींसाठी 'सेनाधुरंधर' अशी दुसरी पदवी काढावी लागली. जानोजींमागे पदाचा तंटा इतका पेटला की १७७५ साली नागपूरजवळ पाचगावच्या लढाईत मुधोजींच्या हातून सख्खा भाऊ साबाजी मारला गेला. तेव्हा हे केवळ शब्द आहेत असे कोणी समजू नये.

"मग किंगच लिहू का?" पुतण्याने विचारले. "बंगालकडून पैसे घेतात म्हणजे किंगच."

आणि येथे खरी अडचण सुरू झाली, कारण नागपुरात राजा होता. तो भोसल्यांच्या घरात नव्हता.

या शहराची स्थापना देवगडच्या गोंड राजाने केली, १७०२ साली, बारा खेडी एकत्र करून. त्याचे नाव बख्त बुलंद, आणि हे नावही एक पदवीच: औरंगजेबाच्या दरबारी जाऊन त्याने इस्लाम स्वीकारला तेव्हा मिळालेली. त्यानंतरच्या चांद सुलतानाने देवगडाहून राजधानी येथे हलविली, कोट बांधला, तलाव बांधला. आपण ज्याला गांधीसागर म्हणतो तो जुम्मा तलाव, आणि गांधी गेट म्हणतो तो जुम्मा दरवाजा. १७३९ मध्ये चांद सुलतान गेल्यावर गादी वलीशहाने बळकावली. राणी रतनकुंवरने रघूजींना मदतीला बोलावले. रघूजी आले, गादी मुलांना परत मिळवून दिली, मोबदला घेऊन गेले. मग त्या दोघा भावांतच तंटा लागला, आणि १७४३ साली पुन्हा बोलावणे आल्यावर रघूजी आले ते राहिलेच. बुऱ्हाणशहाला त्यांनी काढले नाही. त्याला किल्ला राहिला, नेमणूक राहिली, राजा हा किताब राहिला. जुन्या गॅझेटियरांत नोंद आहे की महसुलाच्या काही कागदांवर अखेरची मोहोर गोंड राजाची लागे. यात उपकार किती आणि हिशेब किती, हे सांगायला नको: ज्याच्या हाताशी स्वतःचा एक राजा आहे, तो पुण्याच्या पंतप्रधानाला बरोबरीने बोलू शकतो. म्हणजे एकाच गावावर सनद साताऱ्याच्या छत्रपतींची, तलवार भोसल्यांची आणि मोहोर बुऱ्हाणशहाची. खेळाच्या नकाशात त्या गावाला रंग एकच देता येतो.

आम्ही हे रंगून सांगत होतो आणि सांगता सांगता मनात काहीतरी टोचू लागले. ते येथे लिहिले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एम.ए.ला देवलापारकडचा एक गोंड विद्यार्थी होता. बोलायचा कमी. त्याने आपल्या भागातल्या स्थळकथांवर निबंध लिहिला होता, आणि त्यात देवगडच्या जाटबाची कथा होती: शेंगेच्या वेलाखाली जन्मलेले मूल, त्याच्यावर फणा धरणारा नाग, आणि पुढे रणसूर-घनसूर या गवळी राजांचा त्याने केलेला पाडाव. निबंध चांगला होता. त्याने सर्वत्र 'राजा जाटबा' असे लिहिले होते. आम्ही पहिल्या पानावरचा 'राजा' लाल रेघेने खोडला आणि समासात लिहिले: 'जमीनदार. आईन-इ-अकबरी पाहा.' अबुल फजल खरोखरच तसे म्हणतो. खेरल्याच्या पूर्वेचा एक जमीनदार, दोन हजार स्वार, पन्नास हजार पायदळ, शंभरांवर हत्ती. पन्नास हजारांच्या फौजेचा जमीनदार! हा आकडा वाचूनही आमची पेन्सिल अडखळली नाही.

तो निबंध घेऊन आमच्याकडे आला. म्हणाला, "सर, आईनमध्ये राजपूत राजेसुद्धा जमीनदारच आहेत. त्यांच्या नावामागचं राजा आपण कुठे खोडतो?"

आम्ही काही तरी उत्तर दिले. काय दिले ते आठवत नाही, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. त्याचे म्हणणे पूर्ण बरोबर होते. मोगल दप्तराच्या लेखी बादशहाखालचा प्रत्येक वंशपरंपरागत सत्ताधीश जमीनदार. तो शब्द दिल्लीच्या खिडकीतून दिसणारा होता. आम्ही मानसिंगाकडे आमेरच्या खिडकीतून पाहत होतो, शिवाजी महाराजांकडे रायगडाच्या, आणि जाटबाकडे तेवढे दिल्लीच्या. आम्हाला वाटत होते की आम्ही अचूकता सांभाळतो आहोत. गुण कमी दिले होते ते तसेच राहिले. त्याने पुन्हा विषय काढला नाही. आमच्याकडे प्रबंधासाठी येईन म्हणाला होता, तो आला नाही.

स्टॉकहोमच्या त्या मंडळींनी गोंडवन हे 'किंगडम' केले आहे. १०६६ च्या नकाशावर ते नाव असणे चूकच आहे. तेव्हा येथे परमार, चालुक्य, कलचुरी यांच्या सत्ता होत्या, गोंड राज्ये पुढच्या शतकांतली. आम्ही ती चूक पुतण्याला दाखविली. पण दाखविताना आवाज पहिल्यासारखा चढला नाही. ज्याने गोंडवन पाहिलेही नाही, त्याने चुकीच्या साली का होईना त्याला वरची पायरी दिली होती. आम्ही योग्य साली, योग्य संदर्भासह, ती काढून घेतली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुतण्याला घेऊन महालात गेलो. गोंड राजांचा किल्ला म्हणतात त्या भागात, मग चालत गांधी गेटपर्यंत. दिवाळीची गर्दी, रांगोळीचे ढीग, आकाशकंदील. बारा खेड्यांच्या शहराचा आता काही मागमूस लागत नाही. वाटेत त्याने विचारले की भोसल्यांचे राज्य गेल्यावर काय झाले. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी औरस वारसाविना वारले, पुढच्या वर्षी डलहौसीने राज्य खालसा केले, जडजवाहिर कलकत्त्याला लिलावात गेले. "आणि गोंड राजा?" गोंड राजाला इंग्रजांनी नेमणूक चालू ठेवली, तो कागदोपत्री 'संस्थानिक' राजा म्हणून त्यानंतरही नागपुरात राहिला. ज्यांनी त्याचे राज्य घेतले ते गेले आणि ज्याच्याजवळ काहीच उरले नव्हते तो राहिला. पुतण्या बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "काका, हे गेममध्ये करताच येत नाही."

घरी आल्यावर त्याने समजावून सांगितले. दुसऱ्या आवृत्तीत शेवटचा मुलूख हातून गेला की खेळ तेथेच संपतो. पडदा काळा होतो. तिसऱ्या आवृत्तीत २०२४ साली जो विस्तार आला त्यापासून भूमिहीन माणसाला खेळता येते, पण तो भटका साहसी म्हणून. तंबू घेऊन गावोगाव हिंडणारा, कोणाच्या तरी चाकरीच्या शोधात. स्वतःच्याच शहरात, स्वतःच्याच किल्ल्यात, दुसऱ्याच्या राज्यात राजा म्हणून बसून राहणारा आणि अधूनमधून मोहोर उमटविणारा माणूस, अशी सोय त्यात नाही.

फाईल मात्र त्याने भरली. सर्वांत वर 'छत्रपती'. त्याखाली बराच वाद होऊन 'पंतप्रधान' आणि 'सेनासाहेबसुभा' एकाच पायरीवर, स्वल्पविराम देऊन. पुण्याच्या मित्राला हे पटणार नाही, असे तो म्हणाला. मग सरदार, देशमुख, पाटील. शेवटी एक ओळ त्याने पायरीशिवायच लिहिली: 'राजा', आणि डावीकडची जागा रिकामी सोडली. अशी ओळ असली की खेळ सुरूच होत नाही, चुकीचा संदेश येतो, असेही त्याने दाखविले.

तो परत गेल्यावर आम्ही कपाट उपसले. जुन्या निबंधांच्या गठ्ठ्यात तो निबंध सापडला; वर्षाअखेरीस विद्यार्थी निबंध परत नेतात, त्याने नेला नव्हता. लाल पेन्सिल इतक्या वर्षांनीही फिकी होत नाही. त्या विद्यार्थ्याचा पत्ता आम्ही त्याच्या एका वर्गमित्राकडून मिळविला आहे. तो आता शाळेत शिकवतो. त्याला पत्र लिहायला घेतले आहे, आणि मायना लिहून झाल्यावर कागद दोन दिवस तसाच टेबलावर आहे.